शिट्टीवाचून

फाटक उघडंच होतं.
म्हणजे कुणी उघडलं नव्हतं,
सहा दिवसांपूर्वी लावायला कुणी उरलं नव्हतं.
कडीला कुलूप लटकत होतं,
शेजारी पुठ्ठ्यावर जाड निळ्या अक्षरांत:
कंत्राटी कामगारांचे कामबंद. समान काम, समान
पुढचं दवानं पुसलेलं.
अप्पा म्हणाले, समान काय, ते नीट वाच.
मी म्हटलं, पायरी सांभाळा.

ऐरोलीतली ही बाग, सेक्टरच्या अगदी टोकाची.
भिंतीपलीकडे विजेचे मनोरे आणि खाडीचा वास.
नळ सोडला तर आधी खोकला येतो, मग काहीच नाही.
स्वच्छतागृहाची चावी बेलापूरला,
मुख्यालयासमोर बसलेल्या कुणाच्या तरी खिशात.
सोनटक्केवहिनी दोन फेऱ्या मारून
‘आलेच हं’ म्हणत घरी पळतात
आणि येत नाहीत.

बदामाची पानं तळहाताएवढाली,
पायाखाली पापडासारखी मोडत होती.
एवढी पडतात रोज?
रोजच पडत असणार, अप्पा.
आपण यायच्या आत उचललेली असायची.

अप्पांचा हिशेब खड्यांवर.
झटका आल्यापासून आकडे निसटतात,
म्हणून निघताना सात खडे खिशात,
एक फेरी झाली की एक बाकावर.
खिसा रिकामा झाला की घर.
खडे तिथंच सोडायचे,
दुसऱ्या दिवशी तिथंच मिळायचे,
बाकाच्या डाव्या पायाशी.
चार वर्षं.
आम्हाला त्यात कधी काही वाटलं नाही.
दगडच ते, जाणार कुठं?

आज बाकावर वेफर्सच्या पिशव्या,
भेळेचे कागद, तान्ह्या बाळाचा एक मोजा.
अप्पा वाकले. मी दंड धरला.
डाव्या पायाशी कान तुटलेला कप,
कपावर पालथी करवंटी,
आत सात खडे.

कुणी ठेवले?
खराटेवालीनं असतील.
नाव आहे तिला, अप्पा म्हणाले,
आणि नाव त्यांना आठवेना.
मला माहीतच नव्हतं.

चौकीच्या काचेला नाक लावून पाहिलं:
खुंटीवर खाकी कोट, चहाचं पातेलं,
हजेरीपटावर पाच नावं, त्यातल्या तीन बाया.
शेवंता. रुक्साना. यमुना.
अप्पांनी तिन्ही नावं हळू म्हणून बघितली,
लहान मुलाला खाऊची चव विचारावी तशी,
आणि मान हलवली.
दिव्यांचं बटणही त्या काचेआडच.

अंधारात माणसं मोबाईल पुढे धरून फिरत होती,
आपल्याच पावलांना वाट दाखवत.
घसरगुंडीवरून फक्त आवाज खाली येत होते.

नऊ वाजले.
एरवी या वेळी सुरवाडे शिट्टी फुंकतात
आणि सगळी बाग त्यांच्या घड्याळाच्या नावानं बोटं मोडते:
पाच मिनिटं पुढे ठेवतो हा माणूस,
याच्या बापाची आहे का बाग?
आज सव्वानऊ झाले, साडेनऊ.
बसा म्हणणारं कुणी नव्हतं, उठा म्हणणारंही.
जो तो दुसऱ्याकडे बघत होता.
जांभया येत होत्या, डास चावत होते,
पण आधी उठायचं कुणी?

मग झोपाळ्याकडून कुठल्याशा पोरानं
दोन बोटं तोंडात घातली.
शिट्टी कसली, अर्धी हवाच ती, शेवटी फाटलेली.
बाग उठली.
चपला शोधल्या, हाका मारल्या,
पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, नातवंडं.
कुणी हसलंसुद्धा नाही.

फाटक मी ओढून घेतलं, कुत्री शिरू नयेत म्हणून
ओढणीच्या कडेची लेस फाडून कडीला बांधली.
अप्पा पुठ्ठ्यासमोर उभे होते.
वेतन असणार, म्हणाले. समान वेतन.
दुसरं काय असणार?

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले,
खिशात हात घातला,
आणि चोरी सापडल्यासारखं तोंड करून म्हणाले,
पाचच फेऱ्या झाल्या गं.
तिचे दोन खडे माझ्याकडेच राहिले.